घरातील वाय-फायची गळती व तिचे निवारण

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने शेतकऱ्यांच्या रेडिओ-मंडळांचा एक प्रयोग युनेस्कोच्या साहाय्याने केला. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांतून सुमारे १५० गावे त्यासाठी निवडण्यात आली होती. गावची मंडळी ठरलेल्या वेळी एकत्र जमत, शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत व आपले प्रश्न केंद्राकडे कळवीत. त्या काळी गावात एक संच असला व तो नीट वाजला, म्हणजे काम भागत असे. आज परिस्थिती पालटली आहे. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, सातबाराचा उतारा, महाडीबीटीवरील अर्ज, पीएम-किसानची ई-केवायसी व मुलांचा अभ्यास ही कामे आता घरोघर इंटरनेटवर होतात. यास्तव माहिती गावापर्यंत येऊन पोचणे पुरेसे नाही. ती घरातील शेवटच्या खोलीपर्यंत पोचली पाहिजे.

मावळ तालुक्यात तळेगाव–चाकण मार्गावर इंद्रायणीकाठी वसलेल्या इंदुरीसारख्या गावात दोन प्रकारची घरे शेजारी शेजारी आढळतात. एक, जाड दगडी वा मातीच्या भिंतींचे जुने घर. दुसरे, विटा व स्लॅबचे नवे घर. दोहोंच्या मागे पत्र्याचा गोठा वा शेड असतेच. अशा घरांत फायबरची जोडणी घेतल्यावर एक तक्रार हमखास ऐकू येते. ओसरीवर नेट चांगले चालते, माजघरात अडखळते व स्वयंपाकघरात बंद पडते. याचा परिणाम किरकोळ नाही. अर्ज अर्ध्यावर तुटतो, ओटीपीची मुदत टळून जाते, माळ्यावर अभ्यास करणाऱ्या मुलीचा वर्ग मध्येच थांबतो आणि घरातील स्त्रियांना फोन घेऊन ओसरीवर यावे लागते. मग कुटुंबप्रमुख दरमहा अधिक दराची योजना घेतो. परंतु मागच्या खोलीत फरक पडत नाही. पैसा मात्र जात राहतो.

हा खर्च बहुधा अनाठायी असतो. दोष पुष्कळदा जोडणीत नसून राउटरच्या जागेत असतो. तो कसा ओळखावा व कोणत्या क्रमाने दूर करावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

दोष कोठे आहे?

विहिरीला पाणी भरपूर असले तरी पाट फुटका असल्यास शेवटच्या वाफ्याला ओल पोचत नाही. अशा वेळी मोठा पंप बसविणारा शेतकरी शहाणा म्हणता येणार नाही. त्याने प्रथम पाट तपासला पाहिजे. इंटरनेटचेही असेच आहे. कंपनीची तार राउटरपर्यंत येते, तो पहिला टप्पा. राउटरपासून फोनपर्यंत लहरींचा प्रवास होतो, तो दुसरा टप्पा. योजनेचा दर वाढविल्याने केवळ पहिल्या टप्प्याची क्षमता वाढते. दुसऱ्या टप्प्यातील गळती तशीच राहते.

कोणत्या टप्प्यात दोष आहे, हे पाहण्याची रीत सोपी आहे. राउटरपासून सहा फुटांवर, मध्ये भिंत नसताना, फोनवर वेग मोजावा. घरातील इतर उपकरणे त्या वेळी बंद ठेवावीत. हीच मोजणी सकाळी, दुपारी व रात्री करावी. जवळ उभे राहूनही वेग योजनेपेक्षा फारच कमी मिळत असेल, तर दोष पहिल्या टप्प्यात असण्याचा संभव अधिक. अशा वेळी राउटर व लॅपटॉप तारेने जोडून खात्री करून घ्यावी व कंपनीकडे तक्रार नोंदवावी. फायबरच्या पेटीवर ‘लॉस’ नावाचा तांबडा दिवा लागला असेल, तर तारेतून प्रकाश येत नाही असे समजावे. उलट, जवळ वेग चांगला व मागच्या खोलीत वाईट असा प्रकार असेल, तर कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. गळती घरातच आहे.

लहरींचा स्वभाव

वाय-फाय ही रेडिओ-लहरच होय. १८९५ साली आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यास अशा अतिलघु लहरी भिंतींपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखविली होती. लहर भिंतीतून जाते, हे त्यावरून सिद्ध होते. प्रश्न आहे तो पलीकडे ती किती शिल्लक राहते, हा.

घरगुती राउटर सामान्यतः दोन पट्ट्यांत काम करतो. पहिला २.४ गिगाहर्ट्झचा, त्याच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. त्याची लहर सुमारे ६ सेंटिमीटर असते. लांब लहर भिंतींतून अधिक निभावते, परंतु तिचा वेग बेताचा असतो. आखूड लहर जवळच्या जवळ भरपूर वेग देते. एकदोन जाड भिंती आल्या की मात्र ती थकते. म्हणून राउटरच्या खोलीत ५ चा पट्टा व मागच्या खोल्यांत २.४ चा पट्टा वापरणे हितावह ठरते.

भारतात २००५ सालापासून २.४ च्या पट्ट्यात कमी शक्तीची यंत्रे विनापरवाना वापरण्यास मुभा आहे. त्यामुळे शेजाऱ्यांचे राउटर, ब्ल्यूटूथची उपकरणे व मायक्रोवेव्ह शेगडी ही सर्व याच पट्ट्यात गर्दी करतात. दाट वस्तीत हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

कोणता पदार्थ किती अडवतो?

लाकडी दरवाजा, प्लायवूडचा पडदा व काच यांतून लहर फारशी न थकता जाते. विटांची साधी भिंत तिचा बराच भाग शोषते. जाड दगडी भिंत व लोखंडी सळ्यांचा स्लॅब त्याहून अधिक शोषतात. पत्रा मात्र लहरीला जवळजवळ पूर्णपणे परतवून लावतो. पत्र्याच्या शेडमध्ये शेजारच्या घरातील वाय-फाय न मिळण्याचे कारण हेच. लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी, फ्रिज व पाठीमागे धातूचा मुलामा असलेला मोठा आरसा हेही पत्र्याप्रमाणेच वागतात.

पाणी हा लहरींचा दुसरा शत्रू होय. भरलेली टाकी वा पिंप मध्ये आले की पलीकडे सावली पडते. मावळातील पावसाळ्यात मातीच्या व दगडी भिंती ओल धरतात, म्हणून उन्हाळ्यात चालणारी जागा श्रावणात चालेनाशी होते. अंगणातून गोठ्याकडे जाणाऱ्या लहरीच्या वाटेत ओल्या पानांचे झाड असल्यास तेथेही घट येते. प्रत्यक्ष पावसाच्या धारांमुळे एवढ्या थोड्या अंतरात विशेष फरक पडत नाही; दोष ओल्या भिंतींचा व पानांचा असतो.

लहर भिंतीतून सरळ जाईल तर कमी थकते, तिरकस जाईल तर अधिक थकते. हेही जागा ठरविताना ध्यानात असावे.

आधी मोजणी

माती-परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवू नये, तद्वत मोजणीशिवाय यंत्र विकत घेऊ नये. लहरीचा जोर ‘डीबीएम’ या मापात सांगतात. अँड्रॉइड फोनवर तो दाखविणारी मोफत अ‍ॅप मिळतात. हा आकडा ऋण असतो. शून्याच्या जितका जवळ तितका जोर अधिक. त्याचा अर्थ पुढीलप्रमाणे लावावा:

उणे ५० वा त्याहून वर — उत्तम.
उणे ५० ते उणे ६५ — चांगला. चित्रफीत व वर्ग विनाअडथळा चालतात.
उणे ६५ ते उणे ७० — कामापुरता.
उणे ७० ते उणे ८० — कमजोर. अर्ज व ओटीपी यांत खंड पडू लागतो.
उणे ८० च्या खाली — जवळजवळ निरुपयोगी.

या मापात ३ ने घट म्हणजे जोर निम्मा, ६ ने घट म्हणजे पाव व १० ने घट म्हणजे दहावा हिस्सा. म्हणून उणे ६० व उणे ७० यांतील फरक लहान दिसला तरी तो दहापट आहे.

मोजणीसाठी चौकटीच्या कागदावर घराचा साधा नकाशा काढावा. भिंती, दारे, पत्र्याच्या वस्तू व पाण्याची पिंपे त्यात दाखवावीत. नंतर एकच फोन घेऊन प्रत्येक खोलीत, माळ्यावर, परसात व गोठ्याच्या दारात उभे राहावे. अर्धा मिनिट थांबून आकडा नोंदवावा. फोन छातीशी धरून पाठ राउटरकडे केल्यास शरीरच लहर अडवते. म्हणून चारी बाजूंस वळून तीन-चार वेळा पाहावे व मधला आकडा धरावा. दोन्ही पट्ट्यांची मोजणी वेगवेगळी करावी. अर्ध्या तासात होणारे हे काम पुढील सर्व खर्चाचा पाया आहे.

राउटरची जागा

जोडणी देणारा कारागीर बहुधा तार जेथून आत येते तेथेच, म्हणजे ओसरीच्या कोपऱ्यात, राउटर बसवून जातो. त्याचे काम वाचते. परंतु लहरींचा निम्मा भाग रस्त्याकडे वाया जातो. काही घरांत राउटर दगडी भिंतीतील कोनाड्यात ठेवलेला दिसतो. तेथे तो नीटनेटका दिसत असला तरी तिन्ही बाजूंनी दगड असल्यामुळे कोंडला जातो. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात, जमिनीवर किंवा पाण्याच्या पिंपाशेजारी राउटर ठेवणेही तितकेच अयोग्य होय.

जागा बदलल्याने किती फरक पडतो, हे पुढील हिशेबावरून दिसेल. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. ओसरी, माजघर व स्वयंपाकघर एकामागे एक असून मधे दोन दगडी भिंती आहेत, असे समजा. प्रत्येक भिंत १२ ची घट करते, असे धरू. भिंत फार जाड असल्यास घट याहूनही अधिक असते. राउटरपासून २ मीटरवर जोर उणे ४० आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ ची घट होते. राउटर ओसरीवर असून स्वयंपाकघर ८ मीटरवर असल्यास अंतरामुळे आकडा उणे ५२ वर येईल व दोन भिंतींमुळे उणे ७६ वर. म्हणजे तेथे नेट अडखळणारच. आता तोच राउटर माजघराच्या मध्यावर आणला. स्वयंपाकघर ४ मीटरवर आले व भिंत एकच राहिली. आकडा उणे ५८ होईल. ओसरीवरही उणे ५८ मिळेल व तेवढा तेथील कामास पुरेसा आहे. ओसरीचा जोर घटला तरी काम अडले नाही. स्वयंपाकघराचा जोर मात्र साठ पटींहून अधिक वाढला. आणि यासाठी नवे यंत्र घ्यावे लागले नाही.

जुन्या घरांत ओसरी, माजघर व स्वयंपाकघर यांची दारे पुष्कळदा एका रेषेत असतात. ही रेषा म्हणजे लहरींचा राजमार्ग होय. राउटर त्या रेषेत, जमिनीपासून पाच-सहा फूट उंचीवर, उघड्या फळीवर ठेवावा. दुमजली घरात तो तळमजल्याच्या छताजवळ किंवा जिन्याच्या मोकळ्या भागी ठेवल्यास दोन्ही मजल्यांस लाभ होतो.

जागा बदलताना फायबरच्या तारेस तीक्ष्ण वळण देऊ नये व ती दाराच्या फटीत चिरडू नये. आतील काचतंतू तुटतो. तारेच्या उघड्या टोकात डोळ्याने पाहू नये. फायबरची पेटी व राउटर स्वतंत्र असल्यास पेटी आहे तेथेच ठेवून तेथून साध्या नेटवर्क केबलने राउटर माजघरात नेता येतो. दोन्ही एकाच डब्यात असल्यास कंपनीच्या कारागिराकडून तार वाढवून घ्यावी.

बिनखर्ची सुधारणा

१. राउटरची उभी शिंग आडव्या दिशेने लहरी फेकते. वर व खाली कमी. एकमजली घरात सर्व शिंगे उभी ठेवावीत. वर माळा असल्यास त्यांपैकी एक आडवी करून पाहावी व पुन्हा मोजावे.

२. २.४ च्या पट्ट्यातील १, ६ व ११ हे तीन मार्ग एकमेकांत मिसळत नाहीत. शेजाऱ्यांचे राउटर कोणत्या मार्गावर आहेत, हे अ‍ॅपमध्ये दिसते. त्यांतील कमी गर्दीचा मार्ग निवडावा व या पट्ट्याची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी.

३. राउटरचे नाव व मूळचा परवलीचा शब्द बदलावा. शब्द सोपा असल्यास अनोळखी फोन जोडले जातात व वेग वाटला जातो. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ वा डब्ल्यूपीए-३ हा प्रकार निवडावा.

४. दर सुधारणेनंतर त्याच ठिकाणी मोजणी करावी व एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केल्यास कोणत्याने गुण आला ते कळत नाही. खतांच्या चाचणीतील हाच नियम येथेही लागू आहे.

खर्चाचे उपाय

वरील उपायांनंतरही एखादी खोली उणे ७० च्या खाली राहिली, तरच पैसे खर्चावेत. त्यात पुढील क्रम पाळावा.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे राउटरपासून दूरच्या खोलीपर्यंत नेटवर्क केबल ओढून तेथे दुसरा राउटर किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट बसविणे. केबल १०० मीटरपर्यंत चालते. जुना राउटर घरी पडून असल्यास तोही या कामी येतो. मात्र त्याची पत्ते वाटण्याची डीएचसीपी सोय बंद करून घ्यावी, अन्यथा दोन राउटर एकमेकांच्या कामात अडथळा आणतील. नवे घर बांधणाऱ्याने विजेच्या नळ्यांबरोबर, परंतु त्यांपासून वेगळी, एक रिकामी नळी प्रत्येक खोलीत टाकून ठेवावी. त्या वेळी तिचा खर्च अल्प असतो. नंतर स्लॅब व गिलावा फोडून ते काम करणे महाग पडते.

दुसरा उपाय मेशचा. यात दोन-तीन डबे मिळून एकच जाळे तयार करतात व फोन आपोआप जवळच्या डब्यास जोडला जातो. जाड भिंतींच्या घरात हे डबेही शक्य तेथे केबलनेच जोडावेत.

तिसरा उपाय रिपीटरचा. हे स्वस्त यंत्र सर्रास विकले जाते व सर्वांत अधिक चूकही यातच होते. ज्या खोलीत नेट येत नाही त्याच खोलीत लोक रिपीटर लावतात. परंतु पाटात पाणीच नसेल तर दुसरा पंप काय उपसणार? रिपीटर अर्ध्या वाटेवर, जेथे जोर उणे ६५ पेक्षा चांगला आहे तेथे, लावला पाहिजे. एकाच पट्ट्यावर ऐकून त्याच पट्ट्यावर पुढे पाठविणारा रिपीटर वेग सुमारे निम्मा करतो, हेही समजून घ्यावे. ओटीपी व अर्ज यांस तेवढा वेग पुरतो. मोठ्या कामास पुरत नाही.

घरातील विजेच्या तारांतून नेट नेणारी यंत्रेही मिळतात. जुन्या, जोड दिलेल्या वायरिंगवर ती बेभरवशाची ठरतात. परत देण्याची बोली असल्यासच घ्यावीत.

गोठा, वीज व पाऊस

घरापासून वेगळ्या असलेल्या गोठ्याकडे वा शेडकडे तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नये. जवळपास वीज पडल्यास तांब्यातून येणारा धक्का दोन्ही टोकांची यंत्रे जाळतो व माणसासही धोका पोचवितो. अशा ठिकाणी धातूची तार नसलेली फायबर केबल व दोन्ही टोकांस मीडिया कन्व्हर्टर हा योग्य मार्ग होय. पत्र्याच्या शेडमध्ये दुसरा डबा आतच बसवावा. बाहेर लावल्यास पत्रा त्याची लहर आत येऊ देणार नाही.

वळवाच्या व परतीच्या पावसात गडगडाट सुरू होण्यापूर्वीच राउटरचा अ‍ॅडॉप्टर सॉकेटमधून काढावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अ‍ॅप विजेची पूर्वसूचना देते. ते प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनवर असावे. भारनियमनाच्या वेळी नेट चालू राहण्यासाठी राउटरचा लहान यूपीएस मिळतो. तो घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट व अँपिअर जुळतात याची खात्री करावी. फायबरची पेटी स्वतंत्र असल्यास तिलाही त्यातून वीज द्यावी. केवळ राउटर चालू राहून उपयोग नाही.

कार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय भाषणापेक्षा प्रात्यक्षिकाने समजावून द्यावा. गावातील एक जुने दगडी घर व एक स्लॅबचे घर निवडावे. घरमालकाच्या संमतीने आठ-दहा शेतकऱ्यांदेखत आधीची मोजणी करावी, राउटर हलवावा व पुन्हा मोजणी करून दोन्ही आकडे फळ्यावर मांडावेत. गावातील बारावीची मुले हे काम चटकन आत्मसात करतात; त्यांच्याकडून इतर घरांचे नकाशे करवून घ्यावेत. घरातील स्त्रियांस मोजणीच्या वेळी अवश्य बोलवावे. नेट कोणत्या खोलीत व कोणत्या वेळी लागते, हे त्यांनाच नेमके ठाऊक असते. ज्या खोलीत खरे काम चालते ती खोली प्रथम सुधारावी. पाहुण्यांची ओसरी नंतर.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. राउटरजवळ वेग चांगला व मागे वाईट असल्यास महागडी योजना घेऊ नये.
२. नकाशा काढून प्रत्येक खोलीचा आकडा आधी नोंदवावा.
३. राउटर घराच्या मध्यावर, दारांच्या रेषेत, उंचावर व उघड्यावर ठेवावा; कोनाडा, पत्रा व पाणी टाळावे.
४. दूरच्या खोलीसाठी केबल व दुसरा डबा हा पहिला विचार. रिपीटर शेवटचा आणि तोही अर्ध्या वाटेवर.
५. उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नये. गडगडाटापूर्वी अ‍ॅडॉप्टर काढावा.
६. पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्यावर मोजणी पुन्हा एकदा करावी. त्या दिवसांत ज्या खोलीत उणे ६५ मिळते, ती खोली वर्षभर निर्धास्त समजावी.